परशाची बेटं

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तोही भावाभावांतला वाद मिटवायला गेले म्हणून. एरवी शहापुरातल्या कोष्ट्याच्या घरच्या विधवा बाईला समुद्र दाखवायला कोण नेतंय? आमच्याकडे बाईमाणसाचा प्रवास म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा, आणि नशीब फारच जोरावर असलं तर जोतिबाचा डोंगर. पण त्या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही भावांना मी बरोबर हवी होते. दोघांची कारणं मात्र अगदी उलटी होती.

थोरला आण्णाप्पा, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. धाकटा परशराम, म्हणजे परशा. मी मधली, जया. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि मी माहेरी परत आले. त्याच वर्षी आईही गेली. परशा तेव्हा रांगत होता. त्याला मी भरवलं, न्हाऊ घातलं, प्रसंगी धोपटलं. तो मला आक्का म्हणायचा. लहानपणी ताप चढला की झोपेत आई म्हणायचा, पण ते मी घरात कुणाला सांगितलं नाही. आपल्याजवळ आपलं असं काहीतरी असावं.

घरात एकच माग होता, आणि आमच्या घराचं नाव रुंद काठाच्या लुगड्यासाठी. तसलं लुगडं एकट्याला विणता येत नाही. अंगाचं आडवं सूत नेणारा धोटा वेगळा आणि दोन्ही काठांचे वेगळे. म्हणून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दोघं बसायचे. उजव्या बाजूला अण्णा आणि डाव्या बाजूला, वयाच्या दहाव्या वर्षापासून, परशा. सूत उकलायचं, धोट्यातल्या कांड्या सुतानं भरायच्या, सुताला लावायची खळ शिजवायची ही कामं बायकांची. पण बाईनं मागात उतरायचं नाही, अशी आमच्या घराची रीत होती. का, असं विचारलं तर आजी म्हणायची, माग बाटतो. मग आम्ही भरलेल्या कांड्यांनी तो कसा बाटत नाही, असं मी एकदा विचारलं आणि दंडाला चिमटा खाल्ला.

लग्नसराई ओसरली की अण्णा उरलेल्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन वेंगुर्ल्याला जायचा. तिकडच्या बायका आमच्या काठावर जीव टाकायच्या. गाठोडं उचलायला म्हणून परशाही जाऊ लागला, आणि तिथंच सगळं बिघडलं. अण्णा घरोघर लुगडी दाखवत फिरायचा आणि परशा रवळू नावाच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याबरोबर समुद्रावर. परत आला की पंधरवडाभर दुसरं बोलणं नाही. समुद्रात दूर बेटं आहेत, तिथं माणूस राहत नाही, पक्षी दगडावरच अंडी घालतात, कासव बोटीएवढं असतं. मी म्हणायचे, बोटीएवढं कसं असेल मेल्या, आणि तो दोन्ही हात पसरून दाखवायचा. वहिनी पदरात तोंड लपवून हसायची.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, ते छत्तीस सालच्या उन्हाळ्यात कळलं. रवळूला मूलबाळ नव्हतं आणि त्याचे हात आता थकले होते. तू इथंच राहा, होडी तुझीच, असं त्यानं परशाला सांगितलं होतं. परशानं ते मागावर बसल्या बसल्या, मान वर न करता, अण्णाला सांगितलं. अण्णानं धोटा खाली ठेवला आणि चपला न घालता घराबाहेर निघून गेला. परशा गेला तर माग थांबणार, एवढं साधं होतं ते. अण्णाची मुलं लहान, आणि बाहेरचा माणूस आमच्या मागावर कधी बसला नव्हता.

त्या आठवड्यात दोघंही माझ्याकडे येऊन गेले. अण्णा म्हणाला, परशा तुझं ऐकतो, तू वेंगुर्ल्याला चल आणि त्याचं डोकं ठिकाणावर आण. परशा चुलीपाशी येऊन बसला.

"आक्का, तू ती बेटं एकदा बघ. बघून तू न्हाय म्हणालीस, तर मी गप मागावर बसतो. पुन्यांदा नाव काढायचा न्हाय."

मी दोघांनाही व्हय म्हटलं. पण आतून मी अण्णाच्याच बाजूची होते, आणि त्यात मागाची काळजी नव्हती. मला पोर घरात हवं होतं. मी ठरवूनच निघाले होते की बेटं बघायची आणि नाही म्हणायचं.

सर्व्हिस मोटारीनं आंबोली घाट उतरताना माझ्या पोटात जे होतं ते सगळं बाहेर आलं. अण्णा पुढं बसून मागं वळून वळून विचारत होता, बरं हाय का, आणि परशा माझं कपाळ धरून बसला होता. घाट उतरल्यावर हवा अंगाला चिकटायला लागली आणि सुकटीचा वास आला. आमच्या घरात मासळी चालत नसे. परशानं तो वास असा ओढून घेतला, जसा मी ताज्या खळीचा घेते. मला ते मुळीच आवडलं नाही.

रवळू काळा, वाळका आणि कमी बोलणारा होता. अण्णानं दरवर्षीप्रमाणे त्याच्यासाठी निपाणीची तंबाखू आणली होती, ती त्यानं आधी हुंगून कनवटीला लावली. बाईला होडीत घ्यायला तो कुरकुरेल असं मला वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं की बाय ओकते का. परशा म्हणाला, जेवढं होतं तेवढं घाटात झालंय.

सकाळी उन्हं कोवळी असताना निघालो. बरोबर भाकरी, झुणका, कांदे आणि मिरचीचा खर्डा. अण्णा होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसला तो बसलाच. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, तळं, नाहीतर मार्कंडेय नदी. सगळ्यांना पलीकडचा काठ असतो. इथं पलीकडे काही नव्हतं. मला भीती वाटली आणि त्याच वेळी इतकं मोकळं वाटलं की डोक्यावरचा पदर वाऱ्यानं खाली गेला तरी मी तो लगेच वर घेतला नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मध्येच परशानं माझा हात दाबला. होडीच्या शेजारी काळ्या पाठीचे, माणसाएवढे मोठे मासे पाण्यातून वर येत होते, फुस्सकन श्वास सोडून पुन्हा खाली जात होते. एकामागं एक, आई आणि पिल्लू अगदी अंगाला अंग लावून. अण्णा डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होता. मी म्हटलं, अण्णा, उघड की डोळे. त्यानं एक उघडला.

बेटं म्हणजे समुद्रातून वर आलेले दगडाचे डोंगर. झाड नावाला नाही. माथे पांढरे, ते पक्ष्यांच्या विष्ठेनं. जवळ गेलो तसा गलका वाढला. आठवडी बाजार भरल्यासारखा आवाज. काळ्या टोपीचे पांढरे पक्षी हजारोंनी वर उठले आणि आमच्या डोक्यावर ओरडत फिरायला लागले. वर एक मोठा गरुड, पोट पांढरंशुभ्र, पंख न हलवता गोल फिरत होता. परशा म्हणाला, त्याचं घर पलीकडच्या सुळक्यावर आहे, आणि जोडीतलं दुसरं आता येईल. थोड्या वेळानं खरंच आलं. पोरानं हे सगळं बघितलंय, एकट्यानं, आणि आपल्याला त्यातलं काही ठाऊक नाही, असं वाटून मला जरा लागलं.

दोन बेटांच्या मधल्या खाचेत होडी लावली. रवळूनं दोन दोर परशाकडे फेकले. एक दोर वरच्या खडकापर्यंत पुरत नव्हता, आणि पाणी अजून चढणार होतं, म्हणून दोन जोडून वर बांधायचे होते. एवढं सांगून रवळू कालवं काढायला बेटाच्या मागच्या अंगाला गेला. परशानं दोर हातात घेतले तोच अण्णा पुढं झाला. सकाळपासून होडीत मुठी आवळून बसलेल्या माणसाला आता पायाखाली दगड मिळाला होता.

"दे हिकडं. गाठ मला शिकीवतोस व्हय?"

त्याचंही खरं होतं. अण्णाच्या गाठीची शहापुरात वाहवा होती. तुटलेलं सूत तो असं जोडायचा की लुगड्यावर हात फिरवून सांधा सापडायचा नाही. त्यानं काथ्याच्या त्या जाड दोरांना तीच, मागावरची गाठ मारली. सवयीनं बोटाला थुंकी लावली, ओढून बघितली, आणि वरचं टोक खडकाला बांधलं. परशा काहीतरी म्हणणार होता. अण्णापुढं तो नेहमी अर्ध्यावर थांबायचा, तसा थांबला.

मग त्यानं आम्हाला गुहा दाखवली. आत अंधार आणि गार, आणि छताला पाकोळी पाखरांची घरटी, वाटीएवढी, एकाला एक लागून. पाकोळ्या आमच्या कानावरून सूं सूं जात होत्या. मला वाटलं अण्णा दारातूनच परतेल. पण तो एका घरट्यापाशी थांबला, वाकून बघत राहिला, नखानं कड हळूच खरवडली.

"ही खळ कशाची रं?"

परशानं सांगितलं, पाखराच्या थुंकीची. अण्णाला ते पटेना. भाताची पेज नाही, कांजी नाही, मग एवढी कशी धरते? किती दिवस लागतात? पावसाळ्यात सुटत नाही का? एवढे प्रश्न त्यानं परशाला जन्मात विचारले नव्हते, आणि परशाला सगळ्यांची उत्तरं येत होती. मी एका दगडावर बसून दोघांचं ऐकत होते. ती घटका मला अजून आठवते. म्हातारपणी माणसाला काय काय आठवतं, तर मला ती गार गुहा आणि खळीवर बोलणारे माझे दोन भाऊ. असंच राहिलं तर किती बरं, असं मनात आलं.

बाहेर आलो तर होडी नव्हती.

म्हणजे होती, पण खाचेच्या तोंडाशी, पाठमोरी, आणि दूर दूर जात होती. अर्धा दोर तिच्यामागं पाण्यात लोंबत होता, अर्धा आमच्या खडकावर. मला काही सुचायच्या आत परशानं सदरा काढून फेकला आणि उडी मारली. अण्णा "परशा" एवढंच ओरडला. दोन बेटांच्या मधून पाणी ओढ्यासारखं धावत होतं. डोकं दिसायचं, दिसेनासं व्हायचं. मग होडीच्या कडेला हात दिसला. तो वर चढला, त्यानं वल्ही मारली, पण होडी आमच्याकडे यायची ती लांबच जात होती. मग त्यानं शीड उभं केलं आणि सरळ समुद्राकडे तोंड केलं. बघता बघता होडी सुळक्याआड गेली. ती परत बाहेर आली नाही.

अण्णा खडकावर बसला. मी उभीच होते. मी यल्लम्मेला म्हणत होते, पोराला आणून दे, मी त्याला पुन्हा पाण्याकडं बघूसुद्धा देणार नाही.

"जया, त्याला पवायला कुनी शिकीवलं?" अण्णानं मला विचारलं.

"तूच की. विहिरीत. कमरंला भोपळे बांधून."

त्यानं मान हलवली. मग खडकावरचा राहिलेला दोर ओढून घेतला आणि त्याचं टोक बोटांत फिरवून बघायला लागला. टोक अख्खं होतं, एक काथ्या तुटला नव्हता.

"तुटली न्हाय. सुटली," तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मागावर सूत कायम तानलेलं असतंय. म्हनून धरती ही गाठ. हितं लाटंनं दोर सैल पडत गेला, आनि सुटली."

रवळू कालवांची टोपली घेऊन आला. त्यानं दोर बघितला, अण्णाच्या तोंडाकडे बघितलं, आणि कनवटीची तंबाखू काढली. मी रडकुंडीला येऊन काय झालं ते सांगितलं. शीड उभं करून गेला, हे ऐकल्यावर त्यानं विडी पेटवली.

"येतलो तो. वारो बगून गेलो हा."

ओढीच्या उलट वल्ही मारून यायचा वेडेपणा त्यानं केला नाही, बेटाला वळसा घालून वाऱ्याच्या बाजूनं येईल, असं त्याचं म्हणणं. अण्णाचा विश्वास बसला नाही, आणि माझाही. पक्षी पुन्हा शांत होऊन आपापल्या अंड्यांवर जाऊन बसले. भाकरीचं गाठोडं होडीतच होतं, पण भूक कुणाला होती? ऊन डोक्यावर आलं आणि कलायला लागलं.

आणि मग मागच्या बाजूनं, जिकडं आम्ही बघतही नव्हतो तिकडून, शीड आलं.

परशा उभा होता. एका हातात शिडाचा दोर आणि दुसरा हात सुकाणूवर. अंगावर सुकलेल्या मिठाचे पांढरे पट्टे. रवळूला त्यानं दुरूनच काहीतरी विचारलं, रवळूनं हातानं दाखवलं, आणि होडी हळूच खडकाला येऊन टेकली. अण्णा घाईघाईनं चढला, त्याचा झोक गेला आणि होडी कलली.

"अण्णा, खाली बस. मधी बस, कडंला नगं. आक्का, तू ह्या अंगाला ये."

आणि अण्णा बसला. चाळिशीचा माणूस, ज्याच्यापुढं परशाचं एक वाक्य कधी पुरं झालं नव्हतं, तो निमूटपणे सांगितलेल्या जागी बसला. परशाच्या ते लक्षातही आलं नाही. त्याचं लक्ष शिडाकडे होतं. माझ्या मात्र आलं. पोर माझ्या डोळ्यांसमोर एवढं मोठं झालेलं, आणि मी त्याला घरी नेऊन परत खड्ड्यात बसवायला आले होते. यल्लम्मेला दिलेला शब्द तिथंच मोडला. तिला म्हटलं, आई, माफ कर, तू आणून दिलंस पण ते माझं राहिलं नाही.

बेटं मागं पडली तेव्हा अण्णाच्या तोंडून शब्द फुटला. झालं एवढं पुरे, उद्याच्या मोटारीनं तिघंही घरी. परशानं माझ्याकडे बघितलं. ठरल्याप्रमाणे आता माझी पाळी होती.

"ऱ्हाऊ दे त्याला हितं, अण्णा."

"आनि डावी बाजू? डावी बाजू कोन धरनार?"

"मी."

"बाईनं मागात उतरायचं?"

"उतरायचं. बाटला तर बाटला. बंद पडन्यापरीस बरा."

अण्णा आपल्या बोटांकडे बघत राहिला. परशानं तोंड समुद्राकडे फिरवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. रवळूनं उठून त्याच्या हातातलं सुकाणू घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीच्या टपावर अण्णानं दोनच वळकट्या चढवल्या. परशा माझ्या पाया पडला, अण्णाच्या पडला. अण्णा म्हणाला, दिवाळीला ये, आणि एवढं बोलून मोटारीत जाऊन बसला. मला वेंगुर्ल्यात रडू आलं नाही. ते आंबोली घाटात आलं, आणि असं आलं की मोटारीतली माणसं वळून बघायला लागली. अण्णानं आपलं उपरणं काढून माझ्या हातात दिलं आणि माझं कपाळ धरून ठेवलं.

घरी आलो तशी आजीची आठवण काढून चार बायका बोलून गेल्या. बोलोत. शुक्रवारी मागाची पूजा करून मी खड्ड्यात पाय सोडले. पहिले कित्येक दिवस माझ्या काठाला वेडेवाकडे दात पडत होते. अण्णा उकलायचा आणि पुन्हा विणायचा, पण एका शब्दानं बोलला नाही. हळूहळू हात बसला. परशा दिवाळीला यायचा, कोळशासारखा काळा होऊन, मुलांना शिंपले आणि मला बेटांच्या गोष्टी घेऊन. लढाई सुरू झाल्यावर एखादं वर्ष चुकायचं. त्याचं तिकडं लग्न झालं, मुलं झाली, आणि त्या मुलांची बोली मला अर्धीच कळायची. चांगलं झालं त्याचं. मी मनापासून म्हणते.

विणताना उजव्या बाजूच्या माणसानं डावीकडच्याला हाक द्यायची असते, म्हणजे दोघांचे धोटे एका वेळी सुटतात. मी बसले त्या पहिल्या दिवशी अण्णाच्या तोंडून सवयीनं गेलं, "परशा, टाक." मी धोटा टाकला. त्याची चूक त्याच्या लक्षात आली असावी, कारण त्याचा हात क्षणभर थांबला. पण दुसऱ्या ओळीलाही त्यानं तेच म्हटलं, आणि तिसऱ्याही. पुढं त्याचे डोळे जाऊन माग सुटेपर्यंत, एवढ्या वर्षांत, मागाबाहेर मी जया होते आणि मागावर परशा. मी त्याला एकदाही दुरुस्त केलं नाही. तो म्हणायचा, "परशा, टाक," आणि मी म्हणायचे, "टाकला, अण्णा."